तालीम आणि प्रयोग

बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारच्या सरोवराकडे पाहण्याच्या दोन दृष्टि आपल्या चांगल्या परिचयाच्या आहेत. भाविक मनुष्य तेथें दैत्यसूदनाच्या देवळांत जातो आणि लवणासुराची कथा स्मरतो. प्रवासी कांठावर उभा राहून त्या प्रचंड कढईसारख्या खोलगट जागेचें नवल करितो. तिसरी दृष्टि शास्त्रज्ञांची आहे. सुमारें १.८ किलोमीटर रुंद आणि सुमारें दीडशें मीटर खोल असें हें विवर म्हणजे ज्वालामुखीचें मुख असावें, असें पूर्वीं अनेकांस वाटे. १९७३ सालीं कांहीं भारतीय व अमेरिकन संशोधकांनीं येथील खडकांची परीक्षा करून एक निबंध प्रसिद्ध केला, आणि आकाशांतून कोसळलेल्या पाषाणाच्या आघातानें हें विवर झालें, हें मत त्यानंतर दृढ झालें. या संशोधकांचें लक्ष लोणारकडे वळण्याचें एक कारण चंद्र हें होतें. १९६९ सालापासून चंद्रावरची माती व दगड मनुष्याच्या हातीं येऊं लागले होते. चंद्राच्या मुखावर जे काळे डाग आपणांस दिसतात, तीं बेसाल्ट नांवाच्या खडकाचीं मैदानें आहेत. आणि आपल्या दख्खनचा काळा पत्थर हाहि बेसाल्टच. अशा खडकांत आघातानें पडलेलें आणि इतक्या चांगल्या स्थितींत राहिलेलें विवर पृथ्वीवर फार दुर्मिळ आहे. म्हणून चंद्रावर काय घडलें तें समजून घेण्यासाठीं लोणारच्या मातींतील काचेचे बारीक मणी सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवले गेले.

जें सहजासहजीं हातीं लागत नाहीं, त्याचा अभ्यास त्याच्यासारख्या दुसऱ्या वस्तूवरून करावा, हा मनुष्याच्या बुद्धीचा जुना परिपाठ आहे. आरंभींच्या अंतराळवीरांचें सारें शिक्षण याच परिपाठावर उभारलेलें होतें. लोणार ही निसर्गानें सहज करून ठेवलेली चंद्राची नक्कल. पण जेथें अशी नक्कल सोईची मिळाली नाहीं, तेथें माणसांनीं ती स्वतः तयार केली. अमेरिकेच्या ॲरिझोना प्रांतांत फ्लॅगस्टाफ गांवाजवळ ज्वालामुखीच्या राखेचें एक मैदान आहे. जुलै १९६७ मध्यें तेथें सुरुंग लावून ४७ खड्डे पाडण्यांत आले. ते वाटेल तसे पाडलेले नव्हते. चंद्राभोंवतीं फिरणाऱ्या यानानें घेतलेल्या छायाचित्रांत जेथें जेवढा खड्डा दिसत होता, तेथें तेवढाच खड्डा पाडावयाचा, असा तो बेत होता. पुढें चंद्रावर जाणाऱ्या माणसांनीं या मैदानांत चालण्याचा, दगड वेंचण्याचा व नकाशा वाचण्याचा सराव केला.

त्या काळचीं छायाचित्रें आतां सर्वांस पाहावयास मिळतात, आणि तीं पाहतांना मन बराच वेळ गुंतून राहतें. एका चित्रांत क्लीव्हलंड येथील प्रयोगशाळेंतलें एक विलक्षण यंत्र आहे. एकांत एक असे तीन पिंजरे. प्रत्येक वेगळ्या दिशेनें, मिनिटास ३० फेऱ्यांपर्यंत फिरणारा. आणि मध्यभागीं आसनाला जखडलेला एक मनुष्य. अंतराळांत यान भोंवंडूं लागलें तर हातांतील दांड्यानें तें स्थिर कसें करावें, याचा हा पाठ होता, आणि १९६० सालच्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत अमेरिकेच्या पहिल्या सातहि अंतराळवीरांनीं तो गिरविला. दुसऱ्या चित्रांत पेनसिल्व्हेनियांतील ५० फूट लांबीच्या एका लोखंडी बाहूच्या टोंकास बसविलेली कोठडी दिसते. ती वेगानें फिरूं लागली कीं आंतील माणसाचें वजन अनेक पटींनीं वाढल्यासारखें होई व त्याच्या गालांची कातडी मागें ओढली जाई. तिसऱ्या चित्रांत तर कांहींच घडत नाहीं. अंतराळवीर सगळा पोषाख चढवून, यानाच्या हुबेहूब नकलेंत पाठीवर पडून, समोरच्या कळा व कांटे पाहत आहे. आणि ती नक्कल मात्र एखाद्या जड कपाटाप्रमाणें जमिनीवर जागच्या जागीं आहे. या नकलेस सिम्युलेटर म्हणतात. तिच्यांतील कांटे हलतात, दिवे लागतात, संकटाची घंटा वाजते. पण हें सर्व बाहेर बसलेले शिक्षक घडवून आणीत असतात.

या चित्रांकडे पाहून प्रथम थोडें हंसूं येतें, हें कबूल करण्यास हरकत नाहीं. प्रौढ, शूर, बायकामुलांचीं माणसें लुटुपुटूच्या यानांत बसून लुटुपुटूच्या संकटाशीं झुंजत आहेत! परंतु हंसूं ओसरल्यावर एक प्रश्न मागें उरतो, आणि तो वाटतो तितका हलका नाहीं. तालमीचें मोल तें काय? तें केवळ पुढें होणाऱ्या प्रयोगावर अवलंबून आहे, कीं तालमीला स्वतःचेंहि कांहीं मोल आहे? आणि ज्याच्या नशिबीं तालीम आली पण प्रयोग आलाच नाहीं, त्याच्या श्रमांविषयीं आपण काय समजावें?

यांतला पहिला आक्षेप असा कीं, तालीम शौर्याला उणेपणा आणते. खरा शूर तोच, जो अनपेक्षित संकटापुढें उभा राहतो. ज्यानें तें संकट शंभर वेळां अगोदर पाहून ठेवलें, त्याचें धैर्य तें केवळ पाठांतर, असें कित्येकांस वाटतें. आम्हांस हा आक्षेप पटत नाहीं. आपल्या भाषेंत तालीम हा एकच शब्द मल्लाच्या आखाड्यास आणि नाटकाच्या सरावास लावतात. आखाड्यांत रोज घाम गाळणाऱ्या मल्लाची जत्रेंतील कुस्ती खोटी, असें कोणी म्हणत नाहीं. सरावानें भीति नाहींशी होत नाहीं. भीति वाटत असतांहि हात चालूं राहतात, एवढेंच त्यानें साधतें.

१६ मार्च १९६६ रोजीं जेमिनी-८ या यानांत हेंच दिसून आलें. यान दिशेवर ठेवणाऱ्या झोतांपैकीं एक झोत बंद होईना, आणि यान गिरक्या घेऊं लागलें. गिरक्यांचा वेग सेकंदास जवळजवळ एक फेरा इतका झाला. आंतील दोघांची दृष्टि अंधुक होऊं लागली. नील आर्मस्ट्राँगनें बिघडलेली यंत्रणा बंद केली, परतीच्या प्रवासासाठीं राखून ठेवलेले दुसरे झोत चालू केले आणि यान स्थिर केलें. त्या वेळीं विचार करीत बसण्यास अवसर नव्हता. विचार आधींच होऊन गेलेला होता, आणि तो हातांत उतरलेला होता.

तालमीचा दुसरा गुण याहूनहि महत्त्वाचा आहे. तेथें चुकण्याची मुभा असते. चंद्रावर माणूस उतरण्याच्या थोडे दिवस आधीं ह्यूस्टन येथील नियंत्रण-कक्षांत एक सराव चालला होता. शिक्षकांनीं मुद्दाम यानाच्या गणकयंत्राकडून एक अपरिचित इशारा उमटविला. त्या जागेवर बसलेला तरुण स्टीव्ह बेल्स यानें उतरणें रद्द करण्याचा निर्णय दिला. सराव संपल्यावर शिक्षकांनीं त्यास सांगितलें कीं, हा निर्णय चुकीचा होता. उतरणें चालू ठेवतां आलें असतें. मग अशा सर्व इशाऱ्यांचा नव्यानें अभ्यास झाला आणि जॅक गार्मन नांवाच्या दुसऱ्या तरुणानें त्यांची यादी हातानें लिहून काढली. २० जुलै १९६९ रोजीं यान खरोखर चंद्रावर उतरत असतांना तशाच जातीचा इशारा आला, आणि या वेळीं बेल्सनें पुढें जाण्यास संमति दिली. नकली यानांत एक चूक झाली नसती, तर खऱ्या यानांत तीच झाली असती. ज्या समाजांत चुकण्यास जागाच ठेवलेली नसते, तेथें लोक चुका लपविण्यास शिकतात. तालमीची जागा ही चूक उघडपणें करून ती सुधारण्याची जागा आहे. आमच्या मतें तालमीचें नैतिक मोल प्रथम येथें दिसतें.

शिवाय, तालमीतील संकट सदैव लुटुपुटूचेंच असतें, हीहि समजूत खरी नाहीं. ६ मे १९६८ रोजीं चंद्रावर उतरण्याच्या सरावाचें यंत्र हवेंतच बेताल झालें, आणि आर्मस्ट्राँगला आसनासह बाहेर उडी घेऊन हवाई छत्रीनें जीव वांचवावा लागला. २७ जानेवारी १९६७ रोजीं अपोलोच्या पहिल्या तीन यात्रिकांना यानांत बसवून उड्डाणाची रंगीत तालीम चालली होती. खालच्या अग्निबाणांत इंधन नव्हतें, म्हणून ती चांचणी धोक्याची समजली गेली नव्हती. यानांत शुद्ध प्राणवायु भरलेला होता. ठिणगी पडली, आणि ग्रिसम, व्हाइट व चॅफी हे तिघे जमिनीवरच मृत्यु पावले. रशियांत त्याच्या सहा वर्षें आधीं, २३ मार्च १९६१ रोजीं, व्हालेंतिन बोंदारेंको हा चोवीस वर्षांचा तरुण एकांतवासाच्या सरावांत, प्राणवायूचें प्रमाण वाढविलेल्या कोठडींत असतांना मद्यार्कांत भिजलेला कापसाचा बोळा तापलेल्या शेगडीवर पडून लागलेल्या आगींत भाजला व त्याच दिवशीं वारला. पुढें अवघ्या वीस दिवसांनीं युरी गागारिन अंतराळांत गेला आणि जगानें त्यास डोक्यावर घेतलें. बोंदारेंकोचें नांव त्याच्या देशांतील लोकांस १९८६ सालीं कळलें.

येथवर आपण तालमीचा बचाव केला तो प्रयोगाकडे बोट दाखवून. तालीम उपयोगी पडली, कारण पुढें प्रयोग यशस्वी झाला. परंतु बोंदारेंकोचें नांव निघतांच हा बचाव अपुरा पडतो. ज्यांना प्रयोग लाभलाच नाहीं, त्यांचें काय?

अशीं माणसें थोडीं नाहींत, आणि त्यांतील कांहीं आपल्याच देशाचीं आहेत. १९८२ सालच्या सप्टेंबरांत मॉस्कोजवळच्या स्टार सिटी या वसाहतींत भारतीय वायुदलाचे दोन वैमानिक शिक्षणासाठीं दाखल झाले. एक राकेश शर्मा, दुसरे रवीश मल्होत्रा. दोघांनीं रशियन भाषा शिकून घेतली. दोघे सोयूझ यानाच्या नकलेंत बसले. दोघांनीं फिरत्या बाहूचा भार सोसला. दीड वर्षाहून अधिक काळ दोघांचा दिनक्रम एकच होता. ३ एप्रिल १९८४ रोजीं राकेश शर्मा सोयूझ टी-११ यानांतून गेले, ७ दिवस २१ तास ४० मिनिटें अंतराळांत राहिले, आणि त्यांचें नांव आपल्याकडील शाळकरी मुलांसहि पाठ झालें. रवीश मल्होत्रा हे राखीव तुकडींत होते, आणि ते जमिनीवर राहिले. पुढच्याच वर्षीं भारतीय अंतराळ संशोधन संस्थेंतील एन. सी. भट व पी. राधाकृष्णन् या दोघां शास्त्रज्ञांची अमेरिकेच्या अंतराळयानांतून जाण्यासाठीं निवड झाली. २८ जानेवारी १९८६ रोजीं चॅलेंजर यान सात जणांसह नष्ट झालें. त्याबरोबर ती मोहीमहि रद्द झाली, आणि ज्या उपग्रहासोबत त्यांना जावयाचें होतें, तो १९८८ सालीं युरोपच्या अग्निबाणावरून माणसांवांचून वर गेला.

अमेरिकेंतील जेरी कॉब या बाईंची हकीकत आणखी निराळी आहे. १९६० सालीं अंतराळवीरांना दिलेल्या वैद्यकीय कसोट्या त्या उत्तीर्ण झाल्या. मघां सांगितलेल्या तीन पिंजऱ्यांच्या यंत्रांतहि त्या बसल्या, आणि त्यांचें तसें छायाचित्र आहे. परंतु लष्करी जेट विमानांच्या चांचणीचा अनुभव हवा असा नियम होता, आणि तें काम त्या काळीं स्त्रियांस खुलें नव्हतें. १९६२ सालीं अमेरिकन लोकप्रतिनिधींच्या समितीपुढें त्यांनीं आपली बाजू मांडली. नियम बदलला नाहीं. पुढच्याच वर्षीं रशियाच्या व्हालेंतिना तेरेश्कोवा अंतराळांत जाऊन आल्या. २०१९ सालीं जेरी कॉब वारल्या. अंतराळांत त्या कधींहि गेल्या नाहींत.

अशा माणसांच्या बाबतींत आपल्याकडे दोन उत्तरें तयार असतात. पहिलें निष्काम कर्माचें: फळाकडे पाहूं नये, कर्म केलें यांतच सार्थक. गीतेच्या या उपदेशाची थोरवी आम्हांस मान्य आहे. परंतु तो कोणीं कोणाला करावयाचा, याचाहि विचार केला पाहिजे. स्वतःच्या मनाला केलेला तो उपदेश हें तप आहे. फळ खाऊन तृप्त झालेल्यानें उपाशी राहिलेल्यास केलेला तोच उपदेश हा शुद्ध निष्ठुरपणा आहे. शिवाय ज्याला जावयाचीच इच्छा नाहीं, त्याची तयारी ही तयारीच नव्हे. मनापासून हवेंसें वाटल्याखेरीज माणूस पिंजऱ्यांत भोंवळ येईपर्यंत फिरत नाहीं. तेव्हां राखीव माणसाच्या मनांत आशा नव्हती असें मानून त्याचें दुःख पुसून टाकणें, हा त्याच्यावर अन्यायच होय.

दुसरें उत्तर व्यवहारी माणसाचें: येथें उपयोगीं पडलें नाहीं तरी शिकलेलें अन्यत्र उपयोगीं पडेल. यांत तथ्य आहे, पण सर्व तथ्य नाहीं. सोयूझच्या कळा कोणत्या क्रमानें दाबाव्या, हें ज्ञान दुसरीकडे कोठें कामास यावें? तें ज्ञान त्या एका दारासाठींच होतें, आणि तें दार उघडलें नाहीं. हें नुकसान आहे, आणि त्यास नुकसानच म्हटलें पाहिजे.

मग मोल कशांत आहे? आमच्या मतें त्याचा पहिला भाग असा: राखीव माणूस हा प्रयोगाचा बाहेरचा प्रेक्षक नसून त्याचा घटक आहे. जाणाऱ्याच्या जागीं कोणत्याहि क्षणीं दुसरा उभा राहूं शकतो, या खात्रीवरच तसल्या मोहिमा निघतात. ही खात्री केवळ कागदावरची नसते. जून १९७१ मध्यें सोयूझ-११ च्या उड्डाणापूर्वीं दोन-तीन दिवस वैद्यांस वालेरी कुबासोव्ह यांच्या फुप्फुसावर एक डाग दिसला. क्षयाचा संशय येऊन सबंध मुख्य तुकडी बाजूस काढण्यांत आली आणि राखीव तुकडी गेली. परतीच्या वाटेवर यानांतील हवा एका झडपेंतून निघून गेली, आणि ३० जून रोजीं दोब्रोव्होल्स्की, व्होल्कोव्ह व पात्सायेव्ह हे तिघेहि मृतावस्थेंत पृथ्वीवर उतरले. कुबासोव्ह यांस क्षय झालेला नव्हताच. राखीव असणें याचा अर्थ काय, तो या एका हकीकतींत पुरता दिसून येतो. राखीव माणूस जाणाऱ्याइतकीच किंमत देण्यास सिद्ध झालेला असतो. ती किंमत मागितली जाईल कीं नाहीं, हें त्याच्या हातीं नसतें. ती देण्याची सिद्धता मात्र सर्वस्वीं त्याची असते. नीतीच्या दृष्टीनें माणसाची परीक्षा त्याच्या हातीं असलेल्या गोष्टीवरूनच झाली पाहिजे. त्या कसोटीवर शर्मा व मल्होत्रा यांच्यांत अंतर उरत नाहीं. भारत सरकारनें शर्मा यांस अशोकचक्र व मल्होत्रा यांस कीर्तिचक्र दिलें. पदकांत पायरीचा फरक राहिला. तथापि जो गेला नाहीं त्याचीहि राष्ट्रानें आठवण ठेविली, ही गोष्ट आम्हांस लहान वाटत नाहीं.

मोलाचा दुसरा भाग पाहणाऱ्यांवर अवलंबून आहे. रशियाच्या पहिल्या तुकडींत ग्रिगोरी नेल्यूबोव्ह नांवाचा एक तरुण होता. गागारिनच्या मागें जे राखीव होते, त्यांपैकीं तो एक. १९६३ सालीं पहारेकऱ्यांशीं झालेल्या भांडणावरून त्यास काढून टाकण्यांत आलें, आणि १९६६ सालीं आगगाडीखालीं सांपडून तो मेला. मे १९६१ मध्यें सोची येथें काढलेल्या पहिल्या तुकडीच्या एका छायाचित्रांत तो इतरांसह उभा आहे. पुढें तेंच छायाचित्र छापलें गेलें, तेव्हां त्याच्या जागीं कांहींच नव्हतें. कुंचल्यानें त्यास पुसून टाकलेलें होतें. कालांतरानें दोन्हीं चित्रें लोकांसमोर आलीं आणि तीं शेजारीं शेजारीं ठेवून पाहतां येऊं लागलीं. दोघांतून एकास निवडावें लागतें, यांत अन्याय नाहीं. आसन एकच असतें. शिस्त मोडणाऱ्यास काढावें लागतें, हेंहि समजण्यासारखें आहे. परंतु तो तेथें होता, त्यानें ते श्रम केले, हें सत्यच पुसून टाकणें याला क्षमा नाहीं. नशिबानें जें काढून घेतलें, त्यापेक्षां माणसांनीं काढून घेतलेलें हें अधिक होतें.

असल्या कुंचल्यास केवळ परदेशांतील सरकारांस नांवें ठेवून आपण मोकळे होऊं नये. आमच्या मध्यम वर्गाच्या घरांतहि तो कुंचला असतो. बुलढाणा, चिखली, मेहकर, खामगांव यांपैकीं कोणत्याहि गांवीं पहांटे मैदानाकडे गेलें, तर पोलिसांत किंवा सैन्यांत भरती व्हावें म्हणून धांवणारीं मुलें दिसतात. रात्रीं अभ्यासिकांचे दिवे उशिरापर्यंत जळत असतात. जागा थोड्या, आणि धांवणारे पुष्कळ. निकालाच्या दिवशीं ज्यास जागा मिळाली त्याचें हार घातलेलें छायाचित्र चौकांत लागतें. त्याच्याच शेजारीं बसून चार वर्षें अभ्यास केलेल्या मुलाविषयीं मात्र घरांत बोलणें बंद होतें. पाहुणे आले कीं विषय बदलला जातो. त्याचीं तीं चार वर्षें जणूं घडलींच नाहींत. पाहुण्यांपुढें मुलाचें नांव न निघणें आणि छायाचित्रांतून नेल्यूबोव्ह नाहींसा होणें, यांत जातीचा फरक नाहीं.

तथापि ही तुलना आम्ही फार ताणूं इच्छित नाहीं. ताणल्यास ती खोटी होईल. अंतराळांतील राखीव माणूस हजारांतून निवडलेला असतो. त्यास वेतन असतें, हुद्दा असतो, आणि प्रयोग हुकला तरी परतण्यास जागा असते. अभ्यासिकेंतील मुलामागें यांपैकीं कांहींच नसतें. म्हणून त्याच्या श्रमांस तप हें मोठें नांव देऊन आपण मोकळें होणें, ही दुसऱ्या प्रकारची फसवणूक आहे. सगळीच तयारी थोर नसते. त्या छायाचित्रांतील माणसें रोज कांहीं नवें शिकत होतीं. त्यांच्या चुका कोणी तरी पाहत होतें, दाखवून देत होतें, आणि दुसऱ्या दिवशीं तीं कालच्याहून अधिक जाणतीं होत होतीं. जी तयारी माणसास आज कालच्यापेक्षां अधिक समर्थ करीत नाहीं, जिच्यांत त्याच त्या प्रश्नोत्तरांचें पाठांतर आणि पुढच्या जाहिरातीची वाट पाहणें एवढेंच उरतें, ती तालीम नसून नुसतें थांबणें आहे. मुलांस अशा वाटेला लावतांना वडीलधाऱ्यांनीं स्वतःस हा प्रश्न विचारला पाहिजे: दार उघडलें नाहीं, तर याच्या हातीं काय राहील? याचें उत्तर देतां येत नसेल, तर दोष मुलाच्या नशिबाकडे नसून आपल्याकडे आहे. आणि किती वर्षें थांबावयाचें, हें आरंभींच ठरवून ठेवणें यांत भित्रेपणा नाहीं. सरावाचें यंत्र हातचें गेलें असें दिसतांच आसनाची कळ ओढणारा आर्मस्ट्राँग भित्रा नव्हता. पुढच्या वर्षीं चंद्रावर उतरण्यासाठीं तो जिवंत राहिला.

तेव्हां मूळ प्रश्नाला आमचें उत्तर असें आहे. तालमीस प्रयोगावांचून मोल आहे. पण तें आपोआप येत नाहीं. करणारा खरोखर शिकत असेल, चुकत आणि सुधारत असेल, आणि वेळ आल्यास पुढें होण्यास सिद्ध असेल, तर अर्धें मोल त्यानें स्वतः मिळविलेलें असतें. उरलेलें अर्धें आपण, पाहणाऱ्यांनीं, द्यावयाचें असतें: तो तेथें होता हें सांगून, त्याचें नांव घेऊन, आणि झालेल्या नुकसानाला गोड नांव न देतां.

ही गोष्ट जुन्या छायाचित्रांपुरती नाहीं. फेब्रुवारी २०२४ मध्यें भारताच्या स्वतःच्या गगनयान मोहिमेसाठीं निवडलेल्या चार वैमानिकांचीं नांवें जाहीर झालीं: प्रशांत नायर, अजित कृष्णन्, अंगद प्रताप आणि शुभांशु शुक्ला. या चौघांनीं त्यापूर्वींच रशियांत जाऊन, पूर्वीं शर्मा व मल्होत्रा यांनीं घेतलें तसलें शिक्षण घेतलें होतें. २५ जून २०२५ रोजीं शुभांशु शुक्ला अमेरिकन यानांतून आंतरराष्ट्रीय अंतराळ-स्थानकाकडे निघाले, आणि वर्तमानपत्रांनीं त्यांचें हंसतमुख छायाचित्र पहिल्या पानावर छापलें. तें योग्यच झालें. त्या मोहिमेंत त्यांच्या मागें राखीव म्हणून प्रशांत नायर उभे होते. त्यांनींहि तोच पोषाख चढविला होता, आणि तेहि त्याच नकली यानांत तितकेच दिवस बसले होते. असलीं छायाचित्रें ज्या घरांत मुलांना दाखविलीं जातील, त्या घरांत बोट ठेवून दोन्हीं नांवें सांगितलीं जावींत, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.